एकशे एकोणीस रुपयांचे नाव

गुढीपाडवा, सकाळी साडेअकरा. रक्कम आठशे तेहतीस रुपये. हजर: मी, माझी पत्नी आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेला माझा मेव्हणा.

पाडव्याला काहीतरी विकत घ्यायचे ही आमच्या घरची रीत. कधी ग्रॅमभर सोने, कधी कुकर. त्या वर्षी मी इंटरनेटवरची सात नावे घेतली. दुकानावर जशी पाटी, तसे इंटरनेटवर नाव. आधी नोंदवील त्याचे. मेव्हण्याचे म्हणणे असे की डॉट कॉममधली चांगली नावे केव्हाच संपली. आता डॉट शॉप, डॉट स्टोअर अशी नवी शेपटे निघाली आहेत, पहिल्या वर्षाला नावामागे एकशे एकोणीस रुपये.

"दाजी, जुळे सोलापुरात प्लॉट स्वस्त होते तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढ्या लांब कोण राहायला जाणार," तो म्हणाला. "हे नवं जुळे सोलापूर समजा."

त्या प्लॉटची हळहळ मला अजून आहे, आणि हे त्याला ठाऊक होते.

सहा नावे त्याने सुचवली: चादर, टॉवेल, शेंगा, हुरडा असल्या शब्दांची. सातवे मला सुचले. ते त्याच्यावर ढकलता येत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. धंदा तिच्या सासूने उभा केला, दुकान सासूच्याच नावाने चालते. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. तिच्या मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म मीच भरून दिला होता, तेव्हापासून ती मला भावजी म्हणायची. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी भाकरी आणायला गेलो आणि सहज विचारल्यासारखे विचारले, "वहिनी, दुकानाचं नाव इंग्रजीत कसं लिहिता? के एक की दोन?"

"दोन की! सासूबाई वजनदार हुत्या, एका केमध्ये मावतील व्हय?" असे म्हणून तिने भाकरी गुंडाळायच्या कागदाच्या कोपऱ्यावर नाव लिहून दिले. वर चटणीचे एक पाकीट ठेवले. "नवं स्टिकर केलंय. पहिलं तुमालाच. पैसे ऱ्हाऊ द्या, सणाचं हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर बघून मी नाव टाइप केले. पत्नीने विचारले, "हे त्यांनाच द्यायला घेताय ना?" मी म्हणालो, "बघू." माझ्या वहीत त्या तारखेला 'गुंतवणूक' असे लिहिलेले आहे.

वर्ष सरले. सहा नावांना कुणी विचारले नाही. दुसऱ्या वर्षापासून एका नावाचे दोन हजार सहाशे चाळीस भरायचे होते. हे पहिल्या दिवशीच खाली बारीक अक्षरात होते. लोकांची कर्जाची कागदपत्रे मी भिंग लावून वाचतो. हे वाचले नव्हते. सहा नावे सोडून दिली. सातव्याचे पैसे भरले आणि तिथे सूचना लावली: 'नाव विकणे आहे, पंचवीस हजार.' माझे नाव कुठे दिसत नव्हते.

मेव्हण्याची उपमा तिथे मोडत होती. जुळे सोलापुरात मोकळा माळ होता. माझ्या सहा मोकळ्या माळांना किंमत आली नाही. किंमत आली असती ती ज्यावर आधीच कुणाचे घर उभे होते त्या एकालाच. हे मला कळत होते, आणि कळत होते म्हणूनच मी ते ठेवले.

मे महिन्यात बाई मुलीला घेऊन घरी आली. हातात पुठ्ठ्याचा छापील खोका. पुण्याहून, हैदराबादेहून मागणी येऊ लागली होती, म्हणून तिने दोन हजार खोके छापून घेतले होते. प्रत्येकावर तेच नाव, पुढे डॉट शॉप. छपाई झाल्यावर मुलगी नाव नोंदवायला बसली, तेव्हा ते विक्रीला लागलेले दिसले.

"आधी नोंदवायचं, मग छापायचं ना," मी म्हणालो. हे माझ्या तोंडून निघाले.

"अवो भावजी, सासू माजी, दुकान माजं. नाव कुणाला इचारून छापायचं?" ती म्हणाली. "आता कोन मेलं बसलंय की तितं, सासूबाईंच्या डोक्यावर! जित्या हुत्या तवर म्होरं उभं ऱ्हायची टाप नव्हती कुणाची. पंचवीस हजार मागतंय मुडदं."

मुलगी हसली. माझी पत्नी हसली नाही.

"तुमी आकड्यातली मानसं. द्यावं का? खोक्यालाच अठ्ठावीस हजार गेल्यात."

"थोडं थांबा," मी म्हणालो. "कमी करेल तो."

मी स्वतःला 'तो' म्हणालो.

त्या गेल्या. खोका टेबलावरच राहिला होता. पत्नीने तो माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "दुसऱ्याच्या दारावरची पाटी काढून आणलीत, आणि तिलाच भाव सांगताय. ती पैसे मागायला नव्हती आली, सल्ला मागायला आली होती. जा, खोका देऊन या."

मी गेलो. तव्यावर भाकरी होती. उभ्याउभ्याच सांगितले: तो माणूस मीच, नाव आताच मुलीच्या खात्यावर करून देतो, मला काही नको. ती भाकरी उलटत राहिली. एक झाली, दुसरी टाकली.

"कागद मीच दिलता की तुमाला," ती शेवटी म्हणाली. "दोन के म्हनून."

मी हातातला खोका फळीवर ठेवला.

"कितीला घेतलं हुतं?"

मी हिशेब सांगितला. आधी एकशे एकोणीस, मग दोन हजार सहाशे चाळीस, एकूण दोन हजार सातशे एकोणसाठ. यातला एक रुपया नको, असेही म्हणालो.

"फुकट न्हाय घ्यायची मी. उद्या तुमीच सांगाल गल्लीत, नाव मी दिलं म्हनून. एकशे एकोनीस देते. वरचं तुमच्या हावेचं, ते तुमचं तुमी बघा. आन् पाडव्याला चटणी नेलीती, तिचे साठ."

नाव आपल्या खात्यावर आल्याचे मुलीने फोनवर पाहिले आणि आईकडे बघून मान हलवली. बाईने हात पुसून डबा उघडला.

भाकरी आमच्याकडे अजून तिच्याचकडून येते. आणायला पत्नी जाते. मध्यंतरी एकदा मी गेलो, तर ती म्हणाली, "काय देऊ, साहेब?"

खोका द्यायला गेलो त्या दिवशी शेवटी दिले गेले ते एकोणसाठ रुपये. तिने, मला.