फादरांची केळीतुला

परदेशातल्या कुठल्याशा सभेने आमच्या फादरांना पदक पाठवलं आणि रावेरला एकदम जाग आली. बारा वर्षं हा गोरा माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्याच लोकांच्या जखमा धुतोय, आणि त्याचं कौतुक करायला साता समुद्रापलीकडचे लोक पुढे! गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फादरांना त्याचं काहीच नव्हतं. वाऱ्याने केसपेपर उडू नयेत म्हणून त्यांनी ते पदक टेबलावर कागदांवर ठेवून दिलं होतं.

सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. मी त्यांच्या दवाखान्यात नर्स होते. नुकती विशी ओलांडलेली, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

गावाने ठरवलं, शाल-श्रीफळ काय कुणीही देतं, आपण फादरांची तुला करायची. एका पारड्यात फादर, दुसऱ्यात केळीचे घड, आणि मग ती केळी दवाखान्यातल्या रुग्णांना वाटायची. सत्कार समितीचे अध्यक्ष होते कापडवाले शेठजी. आमंत्रण घेऊन आले तेव्हा फादरांकडे कौतुकाने पाहत म्हणाले, "दोन मणांच्या खाली नाही भरणार आमचे फादर." मी हातातला ट्रे खाली ठेवला.

फादर तेव्हा दीड मणाचेही, म्हणजे साठ किलोंचेही उरले नव्हते. पाच-सहा महिने त्यांच्या पोटात काही ठरत नव्हतं. भाताची पेज घ्यायचे, तीही कधी कधी उलटून पडायची. त्यांचा पांढरा झगा मी दोनदा आतून टाचून दिला होता, कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडली होती. हे फक्त मला ठाऊक होतं, आणि त्यांनी मला शपथ घातली होती. त्यांच्या मिशनच्या वरिष्ठांना कळलं असतं तर त्यांनी फादरांना मायदेशी पाठवून दिलं असतं. फादर मराठी शिकले ते रुग्णांकडून, त्यामुळे बोलायचे ते अगदी आमच्याकडच्या आयाबायांसारखं. "पोरी, मले परत धाडतीन ते," ते म्हणाले. "तठी मले वळखनारं कोन हाये आता?"

"मग तुलेला तरी जाऊ नका."

"लोकायले वाईट वाटीन. झगा मोठा हाये माहा."

"काट्याला झगा दिसत नाही, फादर."

ते हसले. त्या हसण्यापुढे माझं कधी काही चाललं नाही, आणि त्याची मला तेव्हाही चीड यायची.

त्या दिवसाचं मला सलग काही आठवत नाही. आठवतं ते असं, दुपारी लागलेल्या डुलकीत पाहिल्यासारखं. बाजाराच्या आवारात हिवाळ्याचं कोवळं ऊन पसरलेलं. पिकत्या केळ्यांचा गोड वास इतका दाट, की जिभेवर यावा. तीन लाकडांच्या घोडीला टांगलेला मोठा काटा, त्याच्या साखळ्यांना गुंडाळलेली झेंडूची फुलं. माणसं बोलत होती, पण कानात पाणी गेल्यावर ऐकू येतं तसं सगळं लांबून येत होतं. त्या उन्हात फादर पांढरे, उंच, जमिनीला पाय न लावता चालल्यासारखे आले. मला वाटलं, हा दिवस असाच तरंगत राहावा, पुढे सरकूच नये.

काट्यापाशी मापाडी आबा उभे होते. उभा जन्म त्यांनी त्या आवारात माल तोलला होता. त्यांनी एकदा "बरोबर" म्हटलं की व्यापारीही गप्प आणि शेतकरीही गप्प.

शेठजींचा उत्साह दांडगा. त्यांनी सकाळीच दोन मणांचे घड एका पारड्यात रचून ठेवले होते. ते पारडं जमिनीला टेकलेलं. फादर स्टुलावर पाय देऊन दुसऱ्या पारड्यात बसले. स्टूल काढलं. पारडं खाली आलंच नाही.

आधी लोक हसले. कुणी म्हणालं, "फादर तर हवेतच!" मग हसू विरलं. एकाने घड उतरवायला हात घातला, तसे शेठजी घाईने म्हणाले, "नको, नको! तुलेत घातलेलं काढू नये, अपशकुन होतो." बिचाऱ्यांची चूक प्रेमाचीच होती. पण आता घड काढता येईनात आणि फादर खाली येईनात. झेंडूच्या फुलांत ते अधांतरी बसले होते, आणि साखळी धरायला वर केलेल्या हाताची बाही कोपरापर्यंत घसरली होती. त्या मनगटाकडे आबांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

आबा पुढे झाले आणि हलू नये म्हणून धरावी तशी फादरांच्या पारड्याची साखळी त्यांनी धरली. त्यांच्या हाताच्या शिरा तटतटून फुगल्या. पारडं हळूहळू उतरलं, दांडी सरळ झाली.

"बरोबर!" आबा ओरडले.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

दिवेलागणीला आबा दवाखान्यात आले. बसले नाहीत. "पोरी, जल्मात काटा खोटा धरला नही मी. आज धरला. चार लोकांत त्याचा मान राह्यला पाह्यजे म्हनून धरला. आता तू सांग, काय झालं त्याले?"

मी सांगितलं. शपथ मोडली. आबा म्हणाले, "मानाचं मी पाह्यलं. जिवाचं तुह्याकडे." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशनच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं. दहा दिवसांनी मिशनची जीप आली.

फादरांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. ते प्रत्येक रुग्णाच्या डोक्यावर हात ठेवत दारापर्यंत आले, माझ्यापाशी थांबले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "आभारी आहे, सिस्टर." इतकंच. मग ते जीपमध्ये बसले आणि समोर पाहत राहिले.

त्यांचं ऑपरेशन झालं, ते वाचले, हे नव्या फादरांकडून कळलं. पुढे नऊ वर्षं ते जगले. आबांना केळीबागांची खुशाली विचारणारं पत्र दरवर्षी यायचं, आणि आबा ते माझ्याकडूनच वाचून घ्यायचे. त्यात माझ्याविषयी एक ओळही नसे. मी मात्र शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची, आणि आबा म्हणायचे, "पाठीमांगं पाह्य, पोरी, काही असीन." मी कागद उलटून पाहायची.