विजूला शाळेत घालायला गेलो तेव्हा

मुलासाठी शाळा शोधायला मी घराबाहेर पडले तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि मुलाचं साडेचार. अक्कल मात्र दोघांची मिळून साडेचारच वर्षांची भरली असती.

मध्यभारत राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचे हे सचिवालयात कारकून. त्या वेळचं आमचं सरकार फिरतं असायचं, उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. थंडी पडायच्या आत फायली, कपाटं, दौती आणि नवरे असं सगळं सामान ग्वाल्हेरला रवाना व्हायचं आणि उन्हं तापली की परत यायचं. (काही फायली परत येत नसत. नवरे यायचे.) म्हणजे वर्षातले सहा महिने इंदुरात मी आणि विजू, दोघंच.

सरकारी शाळा आमच्या घराच्या थेट मागे होती. इतकी मागे, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून मास्तरांचा पाढा ऐकू यायचा आणि पाढ्यामागून छडी.

"मी त्याच शाळेत शिकलो. माझं काय वाईट झालं?" हे विचारायचे.

मी कणीक मळत राहायचे. संसार करायचा होता.

पण खरी गोष्ट वेगळी होती. विजू बोलताना अडखळायचा. पहिलं अक्षर ओठावर यायचं आणि तिथेच अडून बसायचं. सरकारी शाळेत त्याला दोन दिवस पाठवून पाहिलं. तिसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं त्याला "व-व-विजू" म्हणायला लागली, आणि चौथ्या दिवशी कळलं की सुरुवात मास्तरांनीच केली होती. विजू घरी येऊन पलंगाखाली जाऊन बसला. मग मी ह्यांना सांगून टाकलं, "अपने को ये स्कूल नहीं चाहिए!" (मी रागावले की माझं मराठी संपतं. आम्हा इंदूरवाल्यांचं तसंच असतं.)

तेवढ्यात कळलं की लालबागेच्या रस्त्याला एका बंगल्यात कुणा रेगेबाईंनी खासगी शाळा काढलीय. तिथे मारत नाहीत. मुलांना गाणी शिकवतात, बागेत नेतात. फक्त प्रवेशाच्या आधी परीक्षा घेतात.

"साडेचार वर्षांच्या पोराची कसली परीक्षा?" हे म्हणाले. आणि त्याच संध्याकाळपासून त्यांनी विजूला राज्यांच्या राजधान्या पाठ करायला बसवलं.

परीक्षेच्या सकाळी आम्ही टांग्यातून निघालो. विजूला इस्त्रीचा सदरा, ह्यांना काळी टोपी, मला लग्नातलं नारायणपेठ. बंगल्याच्या फाटकाशी उतरलो, टांगा वळला, कोपऱ्यापर्यंत गेला, आणि हे एकदम ओरडले, "जन्माचा दाखला! टांग्यातच राहिला!"

"मग पळा!"

"तू आत जाऊन नंबर लाव!" असं म्हणत विजूला काखोटीला मारून हे टांग्यामागे धावत सुटले. "ओ भिया! रुको! ओ भिया!" विजूला इतका आनंद झाला, की मला लांबूनही दिसत होता.

मी आत गेले. व्हरांड्यात एका बाकावर तीन बायका बसल्या होत्या. नीटनेटक्या साड्या, हातात कागदांची गुंडाळी, आणि मूल कुणाजवळच नाही. मनात म्हटलं, काय शिस्तीची माणसं आहेत! आधी स्वतः येऊन शाळा पारखतात, मग मूल आणतात. मी त्यांच्या शेजारी सावरून बसले.

शेजारच्या चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, "किती वर्षं?"

"साडेचार. आणि तुमचं?"

"नऊ."

मला धक्काच बसला. "नऊ! आणि आतापर्यंत शाळा नाही?"

"छे हो! दोन शाळा झाल्या. सोडल्या."

"का बरं?"

"पटलं नाही. दुसऱ्या शाळेतली हेडमिस्ट्रेस तर भलतीच खवट!"

नऊ वर्षांचं पोर, दोन शाळा सोडलेलं, आणि आईला त्याचं काहीच नाही! मी थोडी सरकून बसले. अशा मुलाबरोबर विजूला एका वर्गात बसवायचं की नाही, हे मला ठरवावं लागणार होतं.

इतक्यात चपराशाने हाक मारली, "अगली बहनजी!" चष्मेवाल्या बाई पदर सारखा करत होत्या आणि बाकीच्या दोघी आधीच जाऊन आल्या होत्या. मी उठले. (नंबर लाव असं नवऱ्याने बजावलं होतं. नवऱ्याचं सांगणं मी त्या दिवशी पहिल्यांदाच तंतोतंत पाळलं, आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच.)

रेगेबाई पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, नजर धारदार. त्यांचं मराठी इतकं स्वच्छ होतं की मला माझी जीभ धुऊन यावंसं वाटलं.

"बसा. मॅट्रिक झालायत?"

वा! आईचं शिक्षणसुद्धा विचारतात! "हो जी. उज्जैनला असताना. गणितात जरा लटकले होते, पण झाले."

"अनुभव?"

"साडेचार वर्षं."

"कुठे?"

"घरीच."

"असं होय, घरगुती वर्ग. किती वेळ?"

"सकाळी डोळा उघडल्यापासून मिटेपर्यंत."

बाईंची भुवई वर गेली. "आणि सुटी?"

"सुटी कसली हो! रविवारी तर ज्यादा काम."

"विद्यार्थी किती?"

"सध्या एकच आहे. पण दहांच्या बरोबरीचा आहे!"

"एकाच विद्यार्थ्यापाठी साडेचार वर्षं?"

"मग काय करणार? अर्ध्यात सोडता येतं का?"

"चिकाटी आहे," बाई पुटपुटल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, विजूच्या नावापुढे चांगला शेरा पडला. मी खुर्चीत आणखी ऐसपैस झाले.

"एक सांगा. तुमचा हा विद्यार्थी..."

"विजू."

"विजू. त्याच्यात काही अडचण जाणवली?"

इथे माझा आवाज जरा उतरला. लपवून काय उपयोग? म्हटलं, "तो बोलताना अडखळतो जी. लोक घाईने त्याचं वाक्य पुरं करून टाकतात. त्यांना वाटतं मदत केली. मग तो बोलायचंच सोडून देतो."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी थांबते. दूध उतू जात असलं तरी थांबते. वाक्य त्याचं आहे, त्यानेच संपवायला हवं ना?"

रेगेबाईंनी टाक खाली ठेवला. मला वाटलं, गेलं! अडखळणारं पोर नको असणार यांना. पण त्या म्हणाल्या, "आता एखादं बालगीत म्हणून दाखवा. हावभावांसकट."

आईने गायचं? बहुतेक घरात मूल काय ऐकतं ते तपासत असतील. विजूच्या प्रवेशासाठी मी राजवाड्यासमोर उभी राहूनसुद्धा गायले असते! विजूला भरवताना मीच जुळवलेलं एक गाणं होतं. पदर खोचला आणि सुरू केलं:

"हत्ती निघाला बाजारी,
सोंडेत धरली तरकारी,
भेंडी घेऊ की दोडका घेऊ?
हत्तीण म्हणाली, भोपळा घेऊ!"

'सोंडेत' म्हणताना उजव्या हाताची सोंड केली, 'बाजारी' म्हणून टेबलाला एक फेरी मारली, आणि 'भोपळा' दाखवायला दोन्ही हात फाकवले तेव्हा शाईची दौत रेगेबाईंच्या हजेरीबुकावर आडवी झाली. माझ्या नारायणपेठवरही एक निळा नकाशा उमटला. दारातून चपराशी टाळ्या वाजवायला लागला!

बाई शाई टिपत शांतपणे म्हणाल्या, "उत्तम. जुलैपासून येऊ शकाल?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "येऊ जी! जरूर येऊ! फक्त पहिले आठ दिवस मी वर्गाबाहेर बसेन."

"बाहेर? मग वर्गात कोण बसेल?"

"विजू."

"विद्यार्थ्याला बरोबर आणणार?"

"त्यालाच तर घालायचं आहे!"

"तुम्ही... शिक्षिकेच्या जागेसाठी आला नाहीत?"

"अय्या! मी तर विजूची आई!"

रेगेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी रेगेबाईंकडे पाहिलं. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि घामाघूम होऊन हे आत आले. एका हातात दाखला, दुसऱ्या हातात विजू आणि मागून हिंदीचे पंडितजी. मुलांची परीक्षा बंगल्याच्या दुसऱ्या अंगाला चालू होती. हे टांगा पकडून, मागच्या फाटकाने शिरून, विजूला घेऊन तिथे जाऊनही आले होते!

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"सगळी उत्तरं बरोबर आली!" हे छाती फुगवून म्हणाले.

"किसकी?" पंडितजी कडाडले. मग रेगेबाईंकडे वळून म्हणाले, "बहनजी, मैंने गाय का चित्र दिखाया। बच्चे ने 'ग' कहा, पिताजी बोले 'गाय'! मैंने घोड़ा दिखाया, बच्चे ने मुँह खोला, पिताजी बोले 'घोड़ा'! फिर पिताजी ने अपने मन से मध्यभारत की दोनों राजधानियाँ भी बता दीं। मैंने लिख दिया है, पिता उत्तीर्ण, बालक मौन।"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघायला लागले.

"म्हणजे आई पास, वडील पास," रेगेबाई सावकाश म्हणाल्या, "आणि ज्याला शाळेत यायचंय तो..." पुढे त्यांना बोलवेना. त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. ती धारदार नजरेची बाई खुर्ची गच्च धरून हसली! पंडितजी हसले, चपराशी हसला. मला मात्र जमीन फाटली तर बरं असं झालं होतं.

तेव्हा विजू पुढे आला. "आ... आ..." त्याने सुरुवात केली. ह्यांनी तोंड उघडलं, तोच रेगेबाईंनी एक बोट वर केलं. हे गप्प झाले. (लग्नानंतर प्रथमच!) सगळी खोली थांबली.

"आ... आई, तू प-पास झालीस?"

"झाली," रेगेबाई म्हणाल्या. "आणि शिक्षिकेच्या मुलाला आमच्याकडे परीक्षा नसते. तू कधीपासून येतोस?"

"उ... उद्या!" विजू म्हणाला.

मी म्हणाले, "पण बाई, मला शिकवता येत नाही जी!"

"शिकवायला मी शिकवीन. थांबायला मला शिकवता येत नाही. ते तुम्हाला येतं."

हे घसा खाकरून म्हणाले, "पण घरचं... आणि मी ग्वाल्हेरला..."

"मग तर बरंच झालं," बाई म्हणाल्या. "सहा महिने यांचा वेळ मोकळाच आहे!" आमच्या ह्यांना उत्तर टांग्यात बसल्यावर सुचलं, पण तोवर माझा विचार पक्का झाला होता. आणि खरं सांगते, घराच्या कोपऱ्यावर आल्यावर तेच म्हणाले, "तुला जमेल. मला त्या बाईंनी एका बोटात गप्प केलं. तुला तर बोटही लागत नाही." एवढी मोठी शाबासकी त्यांनी मला ना आधी दिली, ना नंतर.

व्हरांड्यातल्या चष्मेवाल्या बाईंना वरच्या वर्गावर घेतलं. पुढे बावीस वर्षं आम्ही एकाच खोलीत डबा खाल्ला. विजूचं अडखळणं पुरतं कधीच गेलं नाही, पण पलंगाखाली जाणं गेलं. आज तो बोलायला लागला की समोरच्यालाच थांबावं लागतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. रेगेबाईंचे उपकार मी कुठे ठेवू? माझं पोर त्यांनी सांभाळलंच, वर मलाही दत्तक घेतलं.

फक्त पहिल्या दिवसाची गोष्ट मी कुणाला सांगत नाही, ती तुम्हाला सांगून टाकते. जुलैची सकाळ, वर्गात बावीस मुलं. रेगेबाईंनी मला दारातून आत सोडलं आणि त्या निघून गेल्या. विजू पहिल्या बाकावर खुशाल पाय हलवत बसला होता. बाकीचीही मजेत होती. दहा मिनिटांनी बाई परत डोकावल्या तेव्हा वर्गात एकच जण "मला घरी जायचंय" म्हणून हुंदके देत होतं, आणि नेमका हजेरीपट तिच्याच हातात होता!