डाव्या हाताची धार

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सत्तावीस वर्षं ते एका मोठ्या हॉटेलच्या बारमागे उभे होते. हाताखाली शिकलेल्यांनीच त्यांचं हे नाव पाडलं. मग एका सकाळी दाढी करताना उजवी बाजू लुळी पडली. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र थरथरतच राहिला. त्यानंतर दोन वर्षं मास्तरांनी घरात कुणाला साधं सरबत करून दिलं नाही.

त्यांची मुलगी पडदे शिवण्याच्या कारखान्यात होती. सुट्टीआधीच्या पार्टीत पेयांचं काम तिच्या गळ्यात पडलं. पैसे बेताचे, माणसं तीस. तिने सगळ्यात स्वस्त स्पार्कलिंग वाइन आणली आणि एक बाटली उघडून वडिलांपुढे ठेवली.

मास्तरांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही वाइन आहे की खोकल्याचं औषध?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले. काहीतरी करा ना, बाबा."

"हा हात बघ. बाटली धरली तर भिंतीला आंघोळ होईल."

"हात माझे घ्या. जीभ तर तुमचीच आहे ना? ती कुठे थांबलीय कधी!"

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मास्तरांनी डोळे मिटून दुसरा घोट घेतला. "आंबट आहे, पण वाईट नाही. जरा सोबत हवी तिला. संत्री आण. आणि आलं."

संत्र्याच्या साली नि ठेचलेलं आलं घालून साखरेचा पाक उकळला. सालींना पांढरा भाग राहिला म्हणून त्यांनी तिला पुन्हा सोलायला लावलं. त्याने कडवटपणा येतो. पेल्यात बर्फाऐवजी टाकायला द्राक्षं फ्रीझरमध्ये गेली. "बर्फ नको, विरघळला की सगळं पाणचट." पेल्यात आधी पाक, मग संत्र्याचा रस, वाइन शेवटी. पहिल्याच पेल्याला फेस तिच्या कोपरापर्यंत आला.

"अगं, विहिरीत बादली सोडतेयस का? पेला तिरका धर. कडेने, हळू."

चौथा पेला जमला.

पार्टीला ती त्यांना ओढूनच घेऊन गेली. कापड कापायच्या लांब टेबलामागे मास्तर उजवा हात खिशात घालून बसले. पण पहिल्या घोटाची बातमी पसरली आणि टेबलासमोर ही झुंबड उडाली! मुलीला पाक घालू की बाटल्या उघडू असं झालं. कटिंग करणाऱ्या मावशी ओरडल्या, "अहो मास्तर, बघत काय बसलात? पोरीचा जीव जाईल!"

मास्तर उठले. डाव्या हाताने पाक घातला, रस ओतला. मग बाटलीही त्याच हाताने उचलली. मावशींनी पेला तिरका धरला. वाइनची बारीक धार कडेने उतरली, फेस काठाशी येऊन थांबला. पाच-सहा पेले भरल्यावर आपणच ओततोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते क्षणभर डाव्या हाताकडे बघतच राहिले. मुलीने पाहिलं होतं. तिने पुढची बाटली उघडून दिली.

सुट्टी संपताच मास्तरांनी स्वतः हॉटेलात फोन लावला. "नव्या मुलांना शिकवायला कुणी हवंय का? ओततील ती, बोलेन मी."

तिकडून उत्तर आलं, "मंगळवारी या."

मंगळवारी शर्टाची बटणं लावायला त्यांना पाऊण तास लागला. मुलगी मदतीला आली तर म्हणाले, "तू जा कामाला. उशीर होईल तुला."