रंग उडालेली मिरची

सकाळचे अकरा. नंदुरबार, एका सरकारी कार्यालयात पत्रकार परिषद.

आम्हा बातमीदारांच्या चहाच्या टपरीवर किस्से नेहमी साहेब लोकांचे जमतात. गेल्या वर्षी मात्र सगळे माझेच जमले, आणि सुरुवात इथून झाली.

प्रश्न विचारायला ताडकन उभा राहिलो, तर सगळा अंधार. मी गरजलो, "प्रश्न टाळायला लाइट घालवता?"

आमच्या फोटोग्राफर युनूसने शर्ट ओढला. "आप्पा, लाइट चालू शे. बसा."

*

मग कानात घुर्र-घुर्र सुरू झालं. फ्रिजचाच आवाज म्हणून मेकॅनिकला फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, प्लग तर मी कवाच काढेल शे."

*

सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं, कवटीच्या आत दाब वाढलाय, डोळ्यांमागच्या नसा सुजल्यात.

बायको म्हणाली, "तुम्हना डोकामा प्रेशर शे, हाई माले लगीन व्हयनं तवयनं मालूम शे."

उपाय म्हणजे नसेच्या आवरणाला बारीक चीर देऊन पाणी बाहेर काढायचं. "आहे ती नजर वाचवायची. गेलेली परत येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले.

"हे लेखी द्या," मी सवयीने डाफरलो. त्यांनी लगेच कागद पुढे केला. खाली सही माझीच हवी होती, आणि ती मी टेबलक्लॉथवर केली.

*

ऑपरेशननंतर समोरचं दिसू लागलं, पण बाजूचं दिसेना. डावीकडून नमस्कार करणाऱ्यांना मी ओळख न देता पुढे जायचो. आठवडाभरात दोन अधिकाऱ्यांचे फोन. "आप्पा, आमच्याविरुद्ध काही छापताय का?"

तीस वर्षांत एवढा दरारा कधी नव्हता.

*

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी औषधाच्या बाटलीचं झाकण दाखवलं. "रंग?"

"लाल."

"छान. नजर परत येतेय. ऑपरेशनआधी याच झाकणाला तुम्ही विटकरी म्हणाला होता. नस सुजली की आधी लाल फिका पडतो."

आनंद व्हायचा तर मी खुर्चीतून उठलोच. कारण ऑपरेशनच्या महिनाभर आधी मी पहिल्या पानावर बातमी ठोकली होती: रंग उडालेली जुनी मिरची, नव्याच्या भावात!

बातमी ज्यांच्या मालाची, त्या व्यापारी सुभाषदादांच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, तडक गेलो. वाळत घातलेली मिरची डोळ्यांत मावत नव्हती.

"आते कशी दिसी ऱ्हायनी?" दादांनी विचारलं.

"लाल."

"तवय बी लालच व्हती, भाऊ. मन्हा माल महिनाभर अडकना."

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली: दोष मिरचीचा नव्हता, बातमीदाराच्या डोळ्यांचा होता.

पण माल अडकला तो नुसत्या माझ्या बातमीने नाही. बातमीनंतर तीन साहेबांची समिती त्याच पथारीवर आली होती. अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. "प्रत्यक्ष पाहणीत मिरचीचा रंग उडालेला आढळला." खाली तीन सह्या.

साहेबांनी काय पाहिलं, हे मी दोनदा लेखी विचारलंय. उत्तर नाही. तिघांपैकी एकालाही साधा चष्मासुद्धा नाही.