दादाला न दिसणारं होल्स्टर

पिस्तूल बाळगणारा माणूस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जो येतो, तो मी नव्हे. पन्नाशी जवळ आलेली, पोट माझ्याआधी दारातून बाहेर पडणारं, आणि स्वयंपाकघरात पाल दिसली की बायकोला हाक मारणारा. तरीही माझ्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असतं, आणि ते दादामुळे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचा कांद्याचा व्यापार. लासलगावच्या मार्केट यार्डात लिलावाला तो जायचा. मी इंदिरानगरच्या घरी पुढच्या खोलीत बसून फोनवर ट्रक जुळवायचो. एका संध्याकाळी परत येताना त्याच्या गाडीला मोटारसायकल आडवी आली. दोघांनी कानशिलाला गावठी कट्टा लावला, पैशांची पिशवी घेतली आणि जाता जाता खांद्यावर रॉड घातला. खांदा कसाबसा जुळला, पण दादा पुन्हा यार्डात गेला नाही. मी जायला लागलो. परवान्याचा हट्ट त्याचाच. "तू त्या रस्त्यानं हत्याराविना मोकळा गेलास तर मला इथं श्वास घेता येणार नाही," म्हणाला.

गंमत अशी, आणि तिला गंमत म्हणवत नाही, की हत्यार माझ्याजवळ हवं, पण नजरेस पडलं तर दादाच्या हातांना कापरं भरायचं. टीव्हीवर साधा पोलीस दिसला तरी वहिनी चॅनेल बदलायची. लोक चोरांपासून पिस्तूल झाकतात. मला ते भावापासून झाकायचं होतं.

पिस्तुलाबरोबर दुकानदारानं एक कापडी होल्स्टर दिलं होतं. मऊ, चष्म्याच्या पाकिटासारखं. मी आरशासमोर उभा राहिलो, खुर्चीत बसून पाहिलं, गाडी चालवून पाहिली. सगळं ठीक. स्वतःवर खूश झालो. एक गोष्ट मात्र डोक्यात आली नाही. आमच्याकडे यार्डात निघणारा माणूस घरातल्या वडीलधाऱ्याच्या पाया पडून निघतो. दादा वडिलांच्या पडायचा, मी दादाच्या पडतो.

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीसारखा दारात उभा राहिला. मी वाकलो. कापडाचं तोंड उघडलं आणि पिस्तूल फरशीवर, त्याच्या पायांशी खणकन पडलं. चेंबरमध्ये गोळी नव्हती म्हणून पुढचं काही झालं नाही. पण दादा भिंतीला जाऊन टेकला आणि चांगला हात त्यानं डोक्यावर धरला. त्या संध्याकाळीही त्यानं असाच धरला असणार. वहिनीनं हातातला नॅपकिन पिस्तुलावर टाकला. मी ते नॅपकिनसकट उचललं.

त्यानंतर दादा सकाळी दारात येईना. "ते आत आहेत, भाऊजी. तुम्ही निघा," वहिनी सांगायची. मी बंद दाराला नमस्कार करून निघायचो.

बायको म्हणाली, "अहो, गाडीत बसल्यावर लावा ना ते."

"रस्त्यावर गाडीत बसून पिस्तुलाशी झटापट करू? आणि दादा आतून रोज विचारतो, घेतलंस का म्हणून. वाकून खोटं बोलू?"

"मग पाया पडणं सोडा काही दिवस."

हे बोलली आणि तिचं तिलाच कळलं. यार्ड त्याचं गेलं होतं. सकाळचा तो एक नमस्कार तेवढा राहिला होता, ज्यात तो अजून थोरला होता.

मी पुन्हा दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "दिवसभर काय करता साहेब?"

"वाकतो."

"म्हणजे?"

"सकाळी भावापुढे, मग कांद्याच्या ट्रॉलीपुढे, संध्याकाळी बायकोपुढे."

तो हसला नाही. त्या धंद्यातली माणसं कमी हसतात. त्यानं काही नमुने काउंटरवर मांडले. पट्ट्यावर बाहेरून अडकवायचं चामड्याचं मला फार आवडलं, पण वाकलो की शर्ट वर आणि खाली सगळं उघडं. काखेतलं घालायचं तर वर जाकीट हवं. लासलगावच्या उन्हात जाकीट घातलं तर हमाल ताप आलाय का विचारतील. राहिलं पँटीच्या आत बसणारं, पिस्तुलाच्या मापात घडवलेलं, कडक. ट्रिगर पूर्ण झाकणारं. पिस्तूल काढल्यावरही ज्याचं तोंड मिटत नाही असं. सोबत जाड, न वळणारा पट्टा.

घरी खोलीचं दार लावलं. गोळ्यांचं मॅगझिन कपाटात, चेंबर दोनदा तपासून रिकामा. होल्स्टर गादीवर उलटं धरून गदागदा हलवलं. पिस्तूल जागचं हललं नाही. पण पँटीचं बटण काही लागेना.

"एक नंबर मोठी घ्या," बायको म्हणाली. "पोटाचं नाव नको, पिस्तुलाचं सांगा. बहाणा चांगलाय."

मग ती दादाच्या जागी उभी राहिली. मी वाकलो.

"लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या पाया पडताय," ती म्हणाली. "थांबा, परत. मागून पिस्तुलाची मूठ दिसतेय."

पुढे सरकवलं तर पोट आडवं आलं. मागे नेलं तर मूठ शर्टातून कुबडासारखी वर आली. शेवटी कमरेच्या हाडाच्या जरा मागे, मूठ किंचित पुढे कललेली, अशी जागा सापडली. शर्ट लांब आणि सैल. किती वेळा वाकलो देव जाणे, गुडघे बोलायला लागले. ती मात्र आता हसत नव्हती. "परत पडलं तर दादा खोलीतून पुन्हा कधीच बाहेर येणार नाहीत," एवढंच म्हणाली.

सोमवारी सकाळी वहिनीनं त्याला समजावून दारात आणलं. तो माझ्याकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे पाहत उभा राहिला. मी वाकलो, पायांना हात लावला, सावकाश उठलो. काही पडलं नाही, काही दिसलं नाही. मला हायसं वाटलं.

दादाचा चेहरा मात्र उतरला. "आज घेतलं नाहीस?"

"घेतलंय."

"दिसत नाही."

"दिसू नये म्हणून तर घेतलंय, दादा."

"माझ्या समाधानासाठी सांगतोयस. मोकळाच निघालायस."

आता काय करावं? शर्ट वर करून दाखवणं शक्यच नव्हतं. वहिनी पदराचं टोक पिळत उभी होती. मग दादानंच चांगला हात पुढे केला. मध्ये थांबला. पुन्हा पुढे केला आणि माझ्या शर्टावरून, कमरेवर ठेवला. हात कापत होता. पट्ट्यापर्यंत मला ते जाणवत होतं.

"घट्ट आहे?"

"घट्ट आहे."

कापरं काही थांबलं नाही. पण हात त्यानं काढला नाही, आणि मीही हललो नाही. पहिला लिलाव चुकला त्या दिवशी.