बाबांचा सुजलेला पाय

बाबांचा डावा पाय आम्ही लहानपणापासून सुजलेलाच पाहिला. धानाच्या रोवणीत चिखल बाधला, असे घरात सांगत. चिखल गावात अनेकांना बाधत असे. म्हणून पुढे कोणी विचारले नाही.

माझे मूल पोटातच गेले, तेव्हा चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी माझे रक्त तपासले. ते गरजेपेक्षा लवकर गोठते, असे निघाले. हा दोष आईकडून किंवा वडिलांकडून येतो. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर रक्त एरवीही अधिक गोठते, त्यामुळे अशा स्त्रीचा धोका वाढतो. आईने मुकाट्याने रक्त दिले. तिच्यात दोष नव्हता. बाबांनी दिले नाही. वजाबाकी सोपी होती.

पुढे धाकट्या बहिणीला दिवस गेले. तिचे रक्त तपासू या, म्हणताच बाबा उसळले.

"तिच्या सासरी काय सांगू? खोट असलेली पोरगी देल्ली म्हणून?"

"बाबा, तिच्या जिवाचा सवाल आहे."

"तू शाळेत शिकव. मले नको शिकवू."

बहिणीने मान खाली घातली. तपासणी झाली नाही.

बाळंतपण माहेरी, आलापल्लीजवळच्या आमच्या गावी झाले. आमच्याकडे बाळंतीण बाजेवरून उठत नाही. बाजेखाली शेगडी, कानांना फडके, वारे शिरू नये म्हणून दार बंद. गोठणाऱ्या रक्ताला नेमके हे पडून राहणेच घातक. मी तिला चालवायला गेले, तर आत्या दारात आडवी उभी राहिली.

"मास्तरीनबाई, तुमची शाळा बाहेर भरवा."

बहीण आतून म्हणाली, "ताई, पाय लय जड होऊन राह्यला."

मी पांघरूण काढले. तिची डावी पोटरी हुबेहूब बाबांच्या पायासारखी दिसत होती. त्या वर्षी तिने चिखलात पाऊलही टाकले नव्हते.

चंद्रपूरला पोहोचेपर्यंत तिला श्वास पुरेना. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. ती वाचली.

दवाखान्याच्या ओसरीत तिची सासू सर्वांसमोर आईला म्हणाली, "मायचंच रक्त खराब, तं पोरीचं कसं चांगलं राहीन?"

आईने बाबांकडे पाहिले. ते बाकावर पाय लांब करून बसले होते. भिंतीकडे पाहत राहिले. मी बोलायला तोंड उघडले, तर आईनेच माझा हात दाबला.

"राहू दे. माह्यावरच राहू दे."

मग ती खाली बसली आणि रोजच्यासारखा त्यांचा पाय मांडीवर घेतला.