बाराचे सोळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि सकाळी फुटाळा तलावावर सोबत चालणाऱ्या मित्राला तर नाहीच — त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण येत्या बुधवारी मला पुन्हा एकदा नव्या शाखाप्रमुखांसमोर उभं राहायचंय. विषय : कंपनीचं धोरण आणि आपल्या टीमला पेलणारी उद्दिष्टं. मला त्यातला जाणकार समजतात. हसायचं तर हसा. मला मात्र रविवारपासून जेवण जात नाहीये.

आधी एका घड्याळाचं सांगतो. वडील कोराडीच्या वीज केंद्रात होते. शिफ्टची बस चुकू नये म्हणून क्वार्टरमधलं घड्याळ त्यांनी दहा मिनिटं पुढे लावलेलं. पण ते पुढे आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, त्यामुळे कुणी घाई करत नसे आणि बस चुकायची ती चुकायचीच. मी त्यातून एवढंच शिकलो की घड्याळ पुढे करायचं असेल तर कुणाला सांगायचं नाही. तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

आमची कंपनी घरांच्या गच्चीवर सोलर बसवते. नागपूरची शाखा माझ्याकडे आली त्याच वर्षी पुण्याहून नवं धोरण आलं — जुना ग्राहक तुटू द्यायचा नाही. ऐकायला सोपं. पण त्याचं माझ्या सहा माणसांनी सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं? ते ठरवणं माझं काम. वरच्यांशी बोलून ठरलं की प्रत्येकानं आठवड्याला बारा जुन्या ग्राहकांच्या घरी जायचं, गच्चीवर चढून पॅनेल बघायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. बारा — होण्यासारखा आकडा होता. मी स्वतः दोन आठवडे फिरून पाहिलं होतं.

टीमला मी सोळा सांगितला.

काहून, विचाराल. भीती, दुसरं काय. आधीच्या नोकरीत एकदा माझं उद्दिष्ट हुकलं होतं, तेव्हा साहेबांनी फोन स्पीकरवर टाकून सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली होती. त्यानंतर सोमवारचा फोन वाजला की मी आधी दार लावून घ्यायचो. अजून लावतो. हे कारण म्हणून सांगत नाहीये — स्पीकरवर बोलणी खाल्लेले पुष्कळ असतात, ते सगळे काही आपल्या माणसांशी खोटं बोलत नाहीत. मला वाटलं, सोळा सांगितले तर तेरा-चौदा होतील, बारा कुठे जात नाहीत. पुण्याहून शाबासकी यायची ती माझ्या एकट्याच्या मेलवर. टीमला मी म्हणायचो, वरचे अजून खूश नाहीत. असं अडीच वर्षं चाललं.

आता सुनंदाताईंचं — तेच सांगायला बसलोय आणि कधीचा घड्याळ-बिड्याळ करतोय. सुनंदाताई कामठीच्या. चाळिशीतल्या, तोंडाला दुपट्टा गुंडाळून भर उन्हात शेअर ऑटोनं फिरणाऱ्या. कामठी आणि कोराडी रस्ता त्यांच्याकडे. तिकडे आठवडाभरात पॅनेलवर वीज केंद्राच्या राखेचा थर बसतो. बाकीचे पाच जण हळूहळू फाटकातूनच 'सगळं ठीक ना, काका' म्हणून भेट झाल्याची नोंद करू लागले होते. सोळा करायचे तर दुसरं करणार काय? आणि मला ते दिसत नव्हतं असं थोडंच आहे? सुनंदाताई मात्र गच्चीवर चढायच्या, बादली मागायच्या, राख पुसायच्या, एखाद्या म्हातारीला तिचं बिल समजावून द्यायच्या. अडीच वर्षांत त्यांचा एकही ग्राहक तुटला नाही. धोरण, धोरण म्हणतात ते आमच्या शाखेत त्या एकट्या करत होत्या.

आणि त्यांच्या भेटी व्हायच्या तेरा. कधी चौदा.

सोमवारी दहा वाजता बोर्डावर नावं लागायची. सोळा झाले की हिरवा गोल, नाही तर लाल. मार्कर माझ्या हातात. सुनंदाताईंसमोर लाल, दर सोमवारी लाल, आणि दर सोमवारी त्या माझी माफी मागायच्या. एका आठवड्यात त्यांनी पंधरा केले. 'एकानं हुकलं, सर,' म्हणून हसल्या. मी काय केलं? लाल गोल काढला. एकीला सोडलं तर उद्या बाकीचे विचारतील, मग सोळाचं राहिलं काय — असं मनाशी म्हणत तो नीट गोल काढला मी.

मेअखेरच्या नवतपात, ऊन अंगावर धावून येत होतं अशा दिवसांत, त्या केबिनमध्ये आल्या आणि राजीनामा टेबलावर ठेवला.

"माह्यामुळं साऱ्या टीमचा बोर्ड खराब होऊन राहिला, सर. मले नाई जमत हे काम. तुम्ही लय सांभाळून घेतलं."

बारा ठरल्याचा पुण्याचा मेल तेव्हा माझ्यासमोर स्क्रीनवर होता असं सांगितलं तर नाटकी वाटेल. नव्हताच. पण उघडायला किती वेळ लागला असता? मी कागद घेतला, सही केली. निरोपाला त्यांनी घरून कोथिंबिरीची सांबारवडी करून आणली, सगळ्यांना आग्रह करकरून वाढली. मी भाषणात म्हणालो की सुनंदाताईंनी मनापासून प्रयत्न केले. प्रयत्न! बाईंनी अडीच वर्षं ठरल्यापेक्षा जास्त काम केलं होतं. मला त्या शब्दाची आजही लाज वाटते.

पुढे नागपूरची शाखा सलग पहिली आली म्हणून मला बढती मिळाली. आता मी शिकवतो. उद्दिष्ट माणसाच्या आवाक्यातलं हवं, मी सांगतो, आणि लोक वहीत लिहून घेतात.

गेल्या महिन्यात बायकोनं गांधीबागेच्या कापडबाजारात चादरी आणायला पाठवलं, आणि गल्ल्यामागून हाक आली, "सर!" सुनंदाताई. त्या दुकानात काम करतात आता. केस पिकलेत. मला स्टूल दिलं, चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. मग मुलीचं सांगू लागल्या. पोरगी हुशार आहे, पदवी झाली, आमच्यासारख्याच एका कंपनीनं तिला फिल्डच्या कामावर बोलावलंय. तिची फार इच्छा.

"मी नको म्हटलं तिले. मी करून पाह्यलं, आपल्या घरच्यांले नाई जमत ते. बरोबर केलं ना, सर?"

माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचा माझ्यावर विश्वास होता — अजून आहे.

"ऊन भल्लं असते, ताई," मी म्हणालो.

त्यांनी समाधानानं मान डोलावली. आकडा बारा होता. तेराच्या खाली त्या एकदाही गेल्या नव्हत्या. हे मला तिथे, त्यांच्यापासून दोन हातांवर बसून सांगता येत होतं. मी चहा संपवला, चादरी घेतल्या आणि घरी आलो.